देवाच्या बंदुकीचा दगड

भोरच्या पेठेतलं दुकान बंद केलं त्या दिवशी आवराआवर करताना बायकोनं कोपऱ्यातली गोणपाटाची पिशवी उचलून पाहिली आणि परत खाली ठेवली.

“यात काय भरलंय?”

“दगड.”

“तरीच. जन्मभर बंदुकीचा धंदा केला आणि शेवटी घरी आणलं काय, तर दगड.”

बोलणं खरं होतं. ती पिशवी आता आमच्या मागच्या दारी तुळशीच्या कट्ट्याला टेकून आहे. येणारा-जाणारा तिच्याबद्दल विचारतो आणि बायको माझ्याकडे बोट दाखवते. दर वेळी पहिल्यापासून सगळं सांगायचा मला कंटाळा आला आहे. दिवाळी अंकाच्या संपादकांनी ‘धंद्यातले थरारक अनुभव’ मागितले तेव्हा म्हटलं, एकदाच लिहून टाकू. थरार नाही, दगड आहेत, चालतील का, असं त्यांना विचारलं. चालतील म्हणाले. बहुधा पानं रिकामी राहिली असावीत.

बंदुका दुरुस्त करणारा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पिळदार मिशा आणि दरारा येतो. मला मिशा नाहीत. दरारा आमच्या घरात आहे, पण तो माझा नाही. माझ्या दुकानात यायच्या त्या ठासणीच्या बंदुका. दारू आणि छर्रे नळीच्या तोंडातून भरायचे, गजानं ठासायचे, वर टोपी लावायची आणि भुईमुगात शिरलेल्या रानडुकरांच्या दिशेनं बार काढायचा. डुक्कर बहुतेक वेळा आवाजानंच पळतं, आणि ते बरंच असतं, कारण नेमाच्या भरवशावर राहिलो असतो तर तालुक्यात भुईमूग उरला नसता.

या बंदुका वर्षातून दहा महिने खुंटीला टांगलेल्या असतात. नळीत मला सगळ्यात जास्त वेळा सापडलं ते कुंभारमाशीचं मातीचं घर. त्याखालोखाल बिड्या. सुनेनं पाहू नयेत म्हणून सासऱ्यांनी लपवलेल्या. भोंगवलीचे एक गृहस्थ एकदा बंदूक घेऊन आले आणि म्हणाले, “मिस्त्री, ही डावीकडं मारती. डुक्कर हितं हुबं ऱ्हातंय आन् शेजाऱ्याचे पेरू झडत्यात.” मी नळीतून एक डोळा मिटून पाहिलं तर पलीकडचा उजेडच दिसेना. नळी वाकलेली होती. बंदूक ठेवता कुठं, असं विचारलं. म्हणाले, “ठिवतो कुठं? रातच्याला दाराला आडणा लावतो तिचा. चोरांची भीती लई.” चोराला भिऊन त्यांनी बंदूक जवळ ठेवली होती, आणि तिचा उपयोग लाकडाच्या दांडक्यासारखा चालला होता. मी नळी सरळ करून दिली आणि सुताराचा पत्ताही दिला.

असा माझा धंदा. त्यात मी हुशार समजला जायचो आणि मलाही ते पटलेलं होतं. ‘हे मला येत नाही’ हे वाक्य मी गिऱ्हाइकासमोर कधी उच्चारलं नव्हतं. त्याची शिक्षा म्हणून देवानं माझ्याकडे कोंडिबा आबांना पाठवलं.

वेल्ह्याकडच्या डोंगरात एक गाव आहे. त्याचं नाव मी लिहीत नाही. का, ते शेवटी कळेल. आबा तिथून एसटीनं आले, घोंगडीत गुंडाळलेली बंदूक खांद्यावर आणि परवान्याचा कागद हातात. मागून त्यांच्या पत्नी सोनाबाई. आबांना ऐकू येत नव्हतं. जन्मभर कानाशी बंदूक वाजवल्याचा तो परिणाम, असं काकू म्हणाल्या. वर, लग्न झाल्यापासून त्यांनी आपलं काही ऐकलेलं नाही, त्यामुळे नक्की कधी बहिरे झाले ते सांगता येणार नाही, असंही म्हणाल्या.

घोंगडी उलगडली आणि मी चकित झालो. ती टोपीची बंदूक नव्हती, गारेची होती. अशी बंदूक मी आयुष्यात पहिल्यांदा हातात घेत होतो. तोंडावर मात्र रोज चार बघतो असा भाव आणला.

बाहेरच्या माणसासाठी थोडं सांगतो. टोपीच्या बंदुकीत तांब्याच्या बारीक टोपीवर घोडा आपटतो आणि टोपी पेट घेते. टोप्या निघायच्या आधी हे काम गारेनं व्हायचं. गारेच्या बंदुकीच्या घोड्याला दोन जबडे असतात. त्यांत कातड्यात गुंडाळलेला गारेचा तुकडा धरून स्क्रूनं आवळायचा. त्याच्या समोर पोलादाचं उभं झाकण असतं. चाप ओढला की घोडा पुढे झेपावतो, गार झाकणाला खरवडत खाली येते, झाकण मागे पडतं आणि ठिणग्या खालच्या वाटीतल्या चिमूटभर दारूवर पडतात. त्या चिमटीला रंजक म्हणतात. रंजक पेटली की नळीच्या कानातून, म्हणजे बाजूच्या बारीक भोकातून, आग आत जाते आणि बार होतो. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत झालं पाहिजे. यातलं एक जरी चुकलं तर नुसता ‘टक’ असा आवाज येतो. त्या ‘टक’नं माझी दोन वर्षं खाल्ली.

“गार झिजली,” आबा म्हणाले आणि त्यांनी कमरेची चंची सोडून हरभऱ्यापेक्षा थोडा मोठा काळसर खडा माझ्या तळहातावर ठेवला. “माझ्या आज्ज्यापासनं हीच व्हती. आता जबड्यात ऱ्हाईना.”

बाकीचं काकूंनी सांगितलं. ती बंदूक भैरोबाची. वर्षातून एकदाच वाजायची, दसऱ्याच्या संध्याकाळी. पालखी शिवेवर आली की बंदुकीचा एक बार, मग पालखी शीव ओलांडणार, मग गाव सोनं लुटणार. चाप ओढायचा मान वरच्या आळीला, म्हणजे आबांच्या घराला. एकदाच ओढायचा, वाजली तर वाजली. पण तीन दसरे ओळीनं मुकी राहिली तर मान खालच्या आळीला जाणार, असा गावचा जुना ठराव.

“आमाला प्वार न्हाई,” काकू म्हणाल्या. “पुतण्या हाय, गुणाचा हाय. ह्यांची आता ऐंशी झाली. त्येच्या हातात बंदूक द्यायची तर बोलकी द्यायची, येवढंच ह्यांच्या मनात हाय. ह्यांच्या हातनं मान जाऊ ने.”

आबा आमच्या ओठांकडे पाहत होते. मी मोठ्यानं म्हणालो, “आबा, गारच ना? दगडांच्या देशात राहतो आपण. आणून देतो की.”

बायको आतून ऐकत होती. संध्याकाळी म्हणाली, “तुम्हाला तांदळातले खडे दिसत नाहीत, गार कुठून शोधणार?”

मी नीरेच्या पात्रात गेलो. पाणी ओसरलेलं होतं आणि गोट्यांचा खच पडला होता. पांढरीशुभ्र, काचेसारखी चमकणारी गारगोटी मी वेचून आणली. देवाचं काम म्हणजे दगडही देखणा हवा, असं मी धरून चाललो होतो. खोलीचे दरवाजे लावून अंधारात दोन गारगोट्या एकमेकींवर घासल्या, आतून सुरेख उजेड पडला. बायकोनं दार उघडून पाहिलं आणि परत लावून घेतलं. मग एक तुकडा फोडून जबड्यात बसवला, चाप ओढला, ठिणग्या पडल्या. मी आबांना बोलावून बंदूक दिली आणि बजावलं, “मी नीट बसवलीय. आता हिला कुणी हात लावायचा नाही. काढायची नाही, घालायची नाही. थेट दसऱ्याला चाप ओढायचा.”

दसऱ्याला बंदूक ‘टक’ म्हणाली.

आबा दिवाळीनंतर आले. तोंडावर राग नव्हता, त्यामुळे मला जास्तच लागलं. काकूंनी सांगितलं, “चाप वढताना हे डोळं मिटत्यात, रंजक उडती म्हणून. डोळं मिटलं, चाप वढला, आन् मला इचारलं, वाजली का गं? कुणी बोलंना. मग हेंनी डोळं उघडलं.”

मी बंदुकीतून दगड काढून हातोडीनं ठोकला, तर त्याची खडीसाखर झाली. हाच तो चोर, असं मी ठरवलं आणि अभ्यासाला लागलो. मोबाईलवर परदेशातले म्हातारे अशा बंदुका उडवताना दिसतात. त्यांचं बोलणं कळेना, पण हात कळत होते. त्यातून समजलं की ठिणगी दगडाची नसतेच, पोलादाची असते. गारेच्या धारेनं पोलादाचा बारीक कीस निघतो आणि तो जळतो. म्हणजे चमकणारा दगड नको. घट्ट, बारीक पोताचा, मेणासारख्या मंद तकाकीचा हवा. फोडल्यावर त्याचे शिंपल्यासारखे खोलगट कपचे निघाले पाहिजेत आणि कडेला नख लावलं तर नखाचा कीस निघाला पाहिजे. आपल्या काळ्या कातळाच्या पोटात, पोकळ्यांमधून, असा दगड असतो. पण तो हसत वर येत नाही.

पुढचं वर्षभर मी मान खाली घालून चाललो. कापूरहोळच्या फाट्याजवळ एक जण रस्त्याकडेला रंगीत दगड मांडून बसलेला दिसला. मी एकेक दगड उचलून नखानं तपासू लागलो. तो म्हणाला, “वास्तूसाठी पाहिजे का, सायेब? का बरकतीसाठी?” मी खरं ते सांगितलं, बंदुकीसाठी पाहिजे. त्यानं माझ्याकडे एकदा नीट पाहिलं, चादरीची चार टोकं धरली आणि सगळं दुकान खांद्यावर टाकून तो धाब्यामागे दिसेनासा झाला. पेठेत ही गोष्ट माझ्याआधी पोचली होती. नंतर कितीतरी दिवस लोक दुकानावरून जाताना “मिस्त्री, घावला का दगड?” असं विचारायचे आणि मी “बघतोय, बघतोय” म्हणायचो.

शेवटी वरवे बुद्रुकला घावला. तिथं एका शेतकऱ्यानं विहीर खोदली होती आणि आतून निघालेल्या दगडांचा ढीग बांधावर पडला होता. मी ढिगावर बसून दगड फोडू लागलो. मालक आला, थोडा वेळ उभा राहिला आणि हळू आवाजात म्हणाला, “कायतरी आसल्याशिवाय येवढ्या लांबनं कोन येत न्हाई.” मी काही नाही म्हटल्यावर त्याची खात्रीच झाली. त्यानं घरच्यांना हाक मारली. सासू, सून, भाऊ, भावजय असे सगळे ढिगावर बसले आणि सापडेल तो दगड मला दाखवण्याऐवजी पदराआड लपवू लागले. तरी त्यातूनच मधाच्या रंगाचा, अंड्याएवढा एक गोळा माझ्या हाती लागला. फोडला तर शिंपल्यासारखे कपचे निघाले. धार इतकी चांगली होती की माझ्या अंगठ्याला टाके पडले. टाके पडल्यावर मला जेवढा आनंद झाला तेवढा डॉक्टरांनी कुणाला झालेला पाहिला नसेल.

ती गार बसवून दिली, दुकानात प्रत्येक वेळी ठिणग्यांचा सडा पडला, आणि मी आबांच्या कानात ओरडून सांगितलं, “असा दगड पंचक्रोशीत नाही. हिला जिवापाड जपा.”

आबांनी हात जोडले. मला वाटलं मला जोडले. नंतर लक्षात आलं, दगडाला जोडले होते.

त्या दसऱ्यालाही बंदूक ‘टक’ म्हणाली.

आता फक्त एक दसरा उरला. आबा या वेळी आलेच नाहीत. काकू एकट्या आल्या. म्हणाल्या, “हे जेवत न्हाईत धड. गावात कोन काय बोलत न्हाई, त्येच लई लागतं हेंना. मिस्त्री, तुमाला जमत नसंल तर तसं सांगा, आमी दुसरीकडं बघू.” त्यांनी हे साधेपणानं म्हटलं होतं. जमत नाही, हे तेव्हाच सांगायला हवं होतं. पण मी म्हणालो, “काकू, या वेळी मी स्वतः येतो दगड घेऊन.” घाबरलेला माणूस मोठं बोलतो, ते हे.

कापूरहोळच्या धाब्यावर ओळखीचा एक ट्रकवाला गुजरातच्या फेऱ्या करायचा. त्याला सांगून खंभातहून अकीक मागवला. तिकडे अकीक घासून मणी करणारे कारागीर पिढ्यान् पिढ्या आहेत. धुरकट रंगाचा, एकजीव, असा दगड मी पुन्हा पाहिला नाही. तो मी फोडून घडवला, धार काढली आणि खंडेनवमीच्या सकाळी आबांच्या गावी पोचलो. आबांच्या ओटीवर बसून स्वतःच्या हातानं जबड्यात आवळला. चाप ओढला. ओटीवर ठिणग्यांची फुलबाजी झाली. आबांनी पाहिलं आणि पहिल्यांदाच चहाचा सगळा कप संपवला.

मग शस्त्रपूजा सुरू झाली, आणि मी हौसेनं पुढे जाऊन बसलो.

देवळात पाटावर लाल कापड, त्यावर तलवार, दोन भाले आणि मध्ये आमची बंदूक. गुरवानं आधी गंध लावलं, अक्षता टाकल्या. मग वाटीभर गोडंतेल घेतलं, त्यात शेंदूर कालवला आणि नळीपासून दस्त्यापर्यंत बंदुकीला हात फिरवला. घोड्यापाशी आल्यावर त्याचा हात थांबला. मला वाटलं वगळतोय. तो म्हणाला, “ह्यो मिस्त्रींचा दगुड. ह्येला जपायचं हाय,” आणि त्यानं तीन बोटं तेलात बुडवून माझ्या अकीकाला, जबड्याला, समोरच्या पोलादी झाकणाला असं काही माखलं की तेल खाली रंजकेच्या वाटीत ओघळलं. मग एकेक माणूस पुढे येऊन दगडाला बोट लावून तेल वाहू लागला. दगड जेवढा मोलाचा, तेवढं तेल जास्त.

तेल लागलेल्या पोलादावरून गार नुसती घसरते. कीस निघत नाही, ठिणगी पडत नाही. पूजा झाल्यावर मी काकूंना बाजूला घेतलं आणि विचारलं, पूर्वी वाजायची तेव्हा तेल लावत नव्हते का? त्या म्हणाल्या, “लावत व्हते की. पर आज्ज्याची गार ह्यांच्या चंचीत आसायची. शिवंवर गेल्यावर हे ती काढायचे, पागुट्याच्या शेवानं कुनाला न कळता सगळं पुसून जबड्यात बसवायचे. तुमीच म्हनालात, आता काढायची न्हाई, घालायची न्हाई, हात लावायचा न्हाई.”

मी देवळाच्या पायरीवर बसलो. बंदूक हातात आली की वरचं तेल, गंजू नये म्हणून लावलं असेल असं समजून, मी आधी पुसून टाकायचो. नदीतली गारगोटी, विहिरीतला मधाच्या रंगाचा गोळा, ट्रकनं आलेला अकीक, अंगठ्याचे टाके. दोन वर्षं जो चोर शोधत होतो तो मीच होतो. नीरेच्या त्या बिचाऱ्या गारगोटीनंही बहुधा बार काढला असता. तिला मी हातोडीनं फोडून गटारात टाकलं होतं.

मग मी गावासमोर उभा राहिलो आणि तेल पुसू द्या म्हणालो. ठिणगी म्हणजे काय, तेलानं काय होतं, हे सगळं समजावून सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. शेवटी गुरव म्हणाला, “बरूबर हाय तुमचं. पर पुजलेलं पुसायचं न्हाई. शीव वलांडेपातूर न्हाई.”

खालच्या आळीचे हणमंतराव भला माणूस. मान त्यांच्याकडे येणार होता, तरी त्यांच्या तोंडावर खुशी नव्हती. ते म्हणाले, “मिस्त्री, पयल्या साली तुमी म्हनालात दगुड वाईट. दुसऱ्या साली म्हनालात त्योबी दगुड वाईट. आता म्हनताय त्याल वाईट. पुढच्या साली देवावर येऊ नका म्हंजे झालं.”

आबा लांब खांबाला टेकून बसले होते. त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं, पण माणसांचे चेहरे वाचण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. ते उठले आणि घराकडे चालू लागले. त्यांची ती पाठ पाहून मला फार वाईट वाटलं. धंद्यात पुष्कळ गिऱ्हाइकं नाराज होऊन गेली होती, पण पाठमोऱ्या माणसाला हाक मारावी आणि त्याला ती ऐकू येणार नाही, असं कधी झालं नव्हतं.

दसऱ्याच्या सकाळी मी पिशवी भरून परत निघायच्या बेतात होतो. काकू चुलीपुढे काहीतरी उकळत होत्या. पातेलं पदरानं धरून त्या उठल्या आणि मला म्हणाल्या, “चला.” आम्ही देवळात गेलो. गुरव भैरोबाला अंघोळ घालत होता.

काकू म्हणाल्या, “देवाला रोज अंघोळ आसती न्हवं?”

“आसती की.”

“सणाला आदी त्याल लावायचं आन् मग न्हाऊ घालायचं, का आदी न्हाऊ घालायचं आन् मग त्याल?”

गुरव हसला. “आदी त्याल. ह्ये काय इचारनं झालं?”

“मग देवाच्या बंदुकीला काल त्याल लावलं. न्हाऊ कुनी घातलं?”

गुरवाच्या हातातला तांब्या तसाच राहिला. काकू थांबल्या नाहीत. “आंगाला नुसतं त्याल चोपडून सणाच्या दिशी कुनी शिवंवर जातं का? देवाची बंदूक तुमी अर्ध्या न्हाणात उठवून न्हेता. आन् वर म्हनता, ती बोलत न्हाई.”

हणमंतरावही आले होते. तेच आधी म्हणाले, “वैनींचं बरूबर हाय. त्याल लावलं म्हंजे न्हाऊ घालाया पायजे. ह्ये पुसनं न्हाई, ह्ये न्हाणं.” गुरवानं पातेल्याकडे बोट दाखवून विचारलं, “काय हाय त्यात?”

“रिठं,” काकू म्हणाल्या.

घरातल्या बाईला तेल कशानं निघतं हे कुणी शिकवावं लागत नाही. मी इतका मोठा जाणकार, पण माझ्या डोक्यात पुसणं याच्यापुढे काही गेलं नव्हतं. रिठ्याच्या कढत फेसानं आम्ही त्या बंदुकीला न्हाऊ घातलं. गंजाची भीती मला होती, म्हणून लगेच कोरडी करून उन्हात ठेवली. जबड्यातलं कातडं भिजून लिबलिबीत झालं होतं. दुसरं कातडं नव्हतं, तेव्हा मी माझ्या खिशातल्या पाकिटाचा कोपरा कापला. त्या पाकिटाला आजही कोपरा नाही. आत ठेवायलाही फारसं काही नसतं, त्यामुळे चालून जातं.

संध्याकाळी पालखी शिवेवर आली. हलगी थांबली. आबांनी नळीत दारू ठासली, वाटीत रंजक टाकली आणि बंदूक खांद्याला लावली. त्यांनी डोळे मिटले. मीही मिटले.

असा बार झाला की समोरच्या डोंगरानं तो दोनदा परत पाठवला. आपट्याच्या झाडावरची पाखरं उडाली. मी डोळे उघडले तर आबा धुराच्या लोटात उभे, डोळे अजून मिटलेले, आणि विचारत होते, “वाजली का गं?”

काकूंनी पदर तोंडाला लावला होता. मग मीच पुढे झालो, आबांच्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडून सांगितलं, “वाजली, आबा.”

धंद्यात मी पुष्कळ बोललो. एवढ्या समाधानाचा शब्द दुसरा बोलल्याचं आठवत नाही. आबांनी डोळे उघडले, बंदूक पुतण्याच्या हातात दिली आणि सगळ्यात आधी हणमंतरावांना सोनं दिलं.

माझा अकीक परत मिळाला नाही. बार झालेला दगड जबड्यात कसा ठेवायचा म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी तो काढून भैरोबाशेजारच्या कोनाड्यात बसवला. त्याला शेंदूर आणि तेल रोज असतं. दर वर्षी असंच व्हायचं ठरलं असल्यामुळे दर वर्षी नवा दगड लागतो. मागच्या दारी पिशवी आहे ती त्यासाठी. दुकान मात्र बंद केलं. ठासणीच्या बंदुका आता थोड्याच राहिल्यात, म्हाताऱ्यांबरोबर त्यांचे परवानेही जातायत, आणि हे काम शिकायला कुणी आलं नाही याची मला रुखरुख आहे. आलं असतं तर मी त्याला काय शिकवलं असतं, असाही प्रश्न आहेच.

गेल्या दसऱ्याला दगड घेऊन गेलो. सकाळीच देवळापुढे गर्दी होती. बंदुकीला न्हाऊ घालणं आता पुतण्याकडे आहे आणि रिठ्याचं पातेलं पाच सुवासिनी वाजतगाजत आणतात. पुण्याहून कुणी पाहुणे आले होते. गावातला एक शिकलेला तरुण त्यांना मोबाईलवर चित्रीकरण करू देत समजावून सांगत होता, “हे रिठ्याचं न्हाणं आमच्या गावात पूर्वापार चालत आलंय.” मला पाहून म्हणाला, “हे मिस्त्री, यातले जाणकार. मिस्त्री, किती जुनी आसंल ही रीत?”

पाहुण्यांनी मोबाईल माझ्याकडे वळवला. काकू पलीकडे आबांशेजारी बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं. मी म्हणालो, “लई जुनी.”

आबांनी काकूंना कोपरानं ढोसलं. “काय म्हनत्यात मिस्त्री?”

काकू त्यांच्या कानात ओरडल्या, “रीत लई जुनी हाय म्हनत्यात.”

आबांनी सावकाश मान हलवली. “व्हय,” ते म्हणाले, “माझ्या आज्ज्यापासनं हाय.”

म्हणून गावाचं नाव लिहिलेलं नाही.